संप्रेरके व कपाशीच्या मुळांतील नायट्रेट रिडक्टेज : एक परीक्षण

संप्रेरकांच्या योगाने मुळांतील नायट्रेट रिडक्टेज या विकराची क्रियाशीलता वाढते, असे विधान पदव्युत्तर लघुप्रबंधांच्या प्रास्ताविकात सहज करून टाकले जाते. आधारादाखल केंडे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७१ च्या निबंधाकडे बोट दाखविता येईल. परंतु तो निबंध वाचला म्हणजे थबकावे लागते. त्यातील प्रयोग अ‍ॅग्रोस्टेमा गिथॅगो या यूरोपीय धान्यशेतांतील तणाच्या अलग केलेल्या भ्रूणांवर झाले. पिकाच्या मुळांवर नव्हेत. शिवाय त्या संशोधकांपुढील खरा प्रश्न असा होता : बेंझिलअ‍ॅडेनिन विकरावर प्रत्यक्ष परिणाम करते, की पेशीत अडकून पडलेले नायट्रेट मोकळे करून? दोन्ही द्रव्ये एकत्र दिली असता परिणामांची बेरीज झाली, म्हणून दोहोंचे मार्ग निराळे असावेत असे दिसले. आपण निष्कर्ष तेवढा उचलला. प्रश्न तेथेच राहिला.

आणि तो टाळता येण्याजोगा नाही. नायट्रेट हे या विकराचे क्रियाद्रव्य आहे, तसेच त्याच्या निर्मितीचे प्रेरकही. त्यातच ताकेई व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिस वनस्पतीत दाखविले की, नायट्रेट मिळताच सायटोकायनिन-निर्मितीचे एक जनुक उद्दीपित होते. तेव्हा कारण कोणते आणि कार्य कोणते, हे प्रथम ठरवावयास हवे.

कपाशीपुरते पाहता रॅडिन यांचे १९७५ चे काम अधिक मोलाचे आहे. मुळांच्या टोकांत नायट्रेटमुळे होणाऱ्या विकराच्या प्रेरणास ग्लायसिन, ग्लुटामिन व अ‍ॅस्पॅरॅजिन यांनी जोरदार अटकाव केला. आता धरणगावकडील काळ्या जमिनीतील कपाशी घ्या. पातेगळ रोखण्यासाठी तिच्यावर नॅप्थॅलीन अ‍ॅसेटिक आम्ल फवारले आणि पुढे मुळांत विकर वाढलेले आढळले, तर त्याचे श्रेय थेट ऑक्झिनला कसे द्यावे? पाती व बोंडे टिकली की वर अमिनो आम्लांची मागणी वाढणार. मुळांकडे परतणारा अंश घटून अटकावच सैल झाला असेल!

मापनाविषयीही तक्रार आहे. जिवंत ऊतीतून बाहेर पडणारे नायट्राइट मोजण्याची पद्धत सोपी, म्हणून लोकप्रिय; पण मुळांच्या तुकड्यांत नायट्रेट किती शिरले, यावरही तिचे उत्तर अवलंबून असते. आकडे ओल्या वजनावर दिले की घोटाळा वाढतो. संप्रेरकाने पेशी पाण्याने फुगल्या, तर विकर तेवढेच राहूनही आकडा उतरतो. लघुप्रबंधाच्या अखेरीस फवारणीची शिफारस करावयाची असेल (औषधाचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात), तर त्याच मुळांतील नायट्रेट व एकूण प्रथिन त्याच वेळी मोजून तक्त्यात दिलेले असले पाहिजे.