आराखडा, अभ्यास आणि तिसरा क्षण

कादंबरी लिहावयास बसण्यापूर्वी तिचा आराखडा किती पक्का असावा, हा प्रश्न मराठीत पद्धतशीरपणे मांडला तो ना. सी. फडके यांनी. 'प्रतिभासाधन' (1931) या ग्रंथात त्यांनी कथानकाच्या रचनेला शास्त्राचा दर्जा देण्याचा प्रयत्न केला, आणि पुढील कित्येक वर्षे 'बांधेसूद' हे विशेषण मराठी टीकेत प्रशस्तिपत्रासारखे वापरले गेले. त्याच्या उलट टोकाला 1963 साली 'कोसला' आली. पंधरवड्याच्या आसपासच्या काळात ती लिहून झाली, या हकिकतीचा तरुण लेखकांवर त्या कादंबरीइतकाच परिणाम झाला. तेव्हापासून वाद दोन पक्षांत विभागला गेला. एका पक्षाच्या मते लेखकाने आधी टिपणे काढावीत, प्रकरणांची आखणी करावी, मग लेखणी उचलावी. दुसऱ्या पक्षाच्या मते आखणी झाली की लेखन मेले. या वादात एक गोष्ट दोन्ही पक्षांनी न तपासता गृहीत धरलेली आहे. ती ही, की अभ्यास म्हणजे सामग्रीचे संशोधन हा आराखड्याचा सहचर असून उत्स्फूर्ततेला त्याची गरज नाही. हे गृहीतच मुळात चुकीचे आहे, आणि ते तपासण्यासाठी छत्तीसगढातील भिलाईचा परिसर विलक्षण सोयीचा आहे.

भिलाई हे नाव ऐकताच योजना हाच शब्द आठवावा, असा त्या गावाचा इतिहास आहे. फेब्रुवारी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, दहा लाख टन पोलादाचे उद्दिष्ट ठरले, राजहऱ्याचे लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक कोठून कसा यायचा हे कागदावर उतरले, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामगारांची वस्तीसुद्धा सेक्टरांच्या क्रमांकांनी आधी आखली गेली. नेमक्या याच सुमारास, 1958 मध्ये, दुर्गच्या पलीकडे त्याच लोहमार्गावर असलेल्या राजनांदगाव येथे दिग्विजय महाविद्यालयात एक मराठी घराण्यातील प्राध्यापक रुजू झाले. ते गजानन माधव मुक्तिबोध होत. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीतच लिहीत राहिले.

मुक्तिबोधांच्या 'एक साहित्यिक की डायरी' या 1964 साली ग्रंथरूप झालेल्या लेखनात 'तीसरा क्षण' हा निबंध आहे. निबंध म्हणायचा तो सोयीसाठी. केशव नावाच्या मित्राशी झालेल्या संवादातून तो उलगडत जातो, आणि त्याचा बाज एखाद्या कथेचाच आहे. त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे: कलेचा पहिला क्षण जीवनातील उत्कट अनुभवाचा, दुसऱ्या क्षणी तो अनुभव स्वतःच्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि जणू डोळ्यांपुढे उभ्या राहिलेल्या फॅण्टसीचे रूप घेतो, तिसरा क्षण ही फॅण्टसी शब्दबद्ध होऊ लागण्याचा. मौज अशी, की या तिसऱ्या क्षणात फॅण्टसी तशीच राहत नाही. भाषा ही सामाजिक वस्तू असल्यामुळे ती स्वतःबरोबर पिढ्यांचे अर्थ घेऊन येते आणि मूळ चित्राला वाकवते, वाढवते, कधी खोडूनही टाकते.

आराखड्याच्या प्रश्नाला यातून एक नवी बाजू मिळते. आराखडा हा दुसऱ्या क्षणाचा ऐवज आहे. तो खोटा नसतो, पण अंतिमही नसतो. फडके यांच्या तंत्रविचाराची उणीव आखणीच्या आग्रहात नाही. तिसऱ्या क्षणाला केवळ अंमलबजावणीचा क्षण मानण्यात ती आहे. भट्टीचा नकाशा एकदा मंजूर झाला की वितळलेल्या लोखंडाने त्यात दुरुस्ती सुचवावी अशी अपेक्षा कोणी करीत नाही. कादंबरीत ती करावी लागते.

येथे उत्स्फूर्ततेचा पुरस्कर्ता आनंदित होईल. तथापि त्याच्यासाठीही भिलाईच्या परिसरात एक अडचणीचा दाखला आहे, तो पंडवानीचा. कादंबरी आणि लोकगायन यांची तुलना अनेकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु कथा रचली कशी जाते, एवढाच मुद्दा येथे आहे. पंडवानीच्या दोन शाखा सांगितल्या जातात. वेदमती शाखेचा गायक बसून गातो आणि सबलसिंह चौहानांच्या महाभारताला बऱ्याच अंशी धरून राहतो. कापालिक शाखेचा गायक उभा राहून, तंबुऱ्याची कधी गदा तर कधी धनुष्य करीत, प्रसंग जागच्या जागी फुलवतो. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई या दुसऱ्या शाखेच्या, आणि त्यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीही केली. त्यांच्या गायनात संवाद आधी ठरलेले नसतात, हे खरे. पण महाभारत ठरलेले असते. भीम कोठे रागावेल, द्रौपदी कोणाला प्रश्न विचारील, याचा साठा गायिकेच्या अंगात इतका मुरलेला असतो, की त्यावर विसंबून तिला त्या रात्रीपुरते स्वातंत्र्य घेता येते. साठा नसलेल्याला स्वातंत्र्य दिले तर तो केवळ अडखळेल. उत्स्फूर्ततेची पूर्वअट अभ्यास हीच आहे. अभ्यासाची गरज उलट आराखडेवाल्याला कमी लागते. त्याला आपल्या प्रकरणांपुरती माहिती गोळा केली की भागते.

हबीब तन्वीर यांच्या 'चरणदास चोर'ची जन्मकथा हेच अधिक स्पष्टपणे दाखवते. लंडनला नाट्यशिक्षण घेऊन आलेल्या तन्वीर यांनी प्रारंभी छत्तीसगढच्या नाचा कलावंतांना आखलेल्या हालचालींत बसवून पाहिले. नटांची चैतन्यशक्ती त्यात आटून गेली, याची स्पष्ट कबुली त्यांनीच पुढे दिली. नंतर त्यांनी नटांना त्यांची बोली आणि त्यांची मुभा परत दिली. विजयदान देथा यांनी राजस्थानी लोककथेवरून लिहिलेली चोराची गोष्ट घेऊन भिलाईतील शिबिरात सुधारत, वाढवत त्यांनी जो प्रयोग उभा केला, तो प्रथम 'चोर चोर' या नावाने, तासाभराहूनही कमी लांबीत, तेथे जमलेल्या सतनामी समाजापुढे झाला. सत्यालाच ईश्वर मानणाऱ्या घासीदासांच्या पंथापुढे, खोटे न बोलण्याचे व्रत घेतलेल्या चोराची गोष्ट! पंथी गीते नाटकात शिरली. 1975 साली दिल्लीत ते पूर्ण रूपात आले.

या नाटकाची संहिता वाचताना जाणवते, की त्याचे कथानक फडके यांनाही तक्रारीला जागा ठेवणारे नाही. खोटे न बोलण्याचे व्रत गुरू देतो. परंतु सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राज्य स्वीकारणार नाही, या चार प्रतिज्ञा चोर स्वतःच करतो. हे काही आपल्या वाट्याला येणार नाही, अशा समजुतीने थट्टेत तो त्या बोलून जातो, आणि एकेक प्रतिज्ञा पुढे वसुलीला येऊन अखेर त्याचा जीव घेते. म्हणजे कथेचा कडेकोट आराखडा पात्राच्या उत्स्फूर्त बडबडीतून तयार झालेला आहे! आखणी आणि उत्स्फूर्तता यांना शत्रू मानणाऱ्या टीकेला याचा अर्थ लावता येणे कठीण.

मराठी कादंबरीकडे परत वळल्यास, 'कोसला'च्या वेगाचे रहस्यही येथेच सापडते. पांडुरंग सांगवीकराच्या पुण्यातील वर्षांची, वसतिगृहाची, खानदेशातील घराची सामग्री लेखकाच्या अंगात आधीच साठलेली होती. लिहिण्याचे दिवस थोडे, अभ्यासाची वर्षे पंचवीस. ज्यांनी तिच्या अनुकरणात वेग उचलला पण साठा उचलला नाही, त्यांची पाने लवकरच तिरकस शेऱ्यांवर येऊन थांबली. नेमाडे यांच्याच 'हिंदू' (2010) मध्ये साठा अवाढव्य झाला. नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा संशोधक असल्यामुळे उत्खनन हीच रचना ठरली, आणि ही युक्ती उत्तम आहे. तरीही काही भागांत माहिती ढिगाऱ्यातच राहते, आणि तिसऱ्या क्षणाच्या आचेपर्यंत ती पोचली नाही असे वाटत राहते. हरिभाऊ आपट्यांची गोष्ट निराळी. 'करमणूक'च्या अंकांतून क्रमशः लिहिताना आधीचा हप्ता मागे घेण्याची सोय नव्हती. 'पण लक्षात कोण घेतो'मधील यमूचा आवाज त्या सक्तीतही ढळत नाही, कारण तो आवाज हाच लेखकाचा अभ्यास होता.

साठ्याचा एक धोका मात्र नाकारता येत नाही. मुरलेली सामग्री सवयीची होते; कापालिक गायकही टाळ्यांच्या ठिकाणी पुनःपुन्हा जाऊ लागतो. अशा वेळी आराखड्याचा उपयोग असतो, कारण सवय जेथे नेणार नाही तेथे तो जायला लावतो.

1960 च्या सुमारास भिलाईवर कादंबरी आखणाऱ्या लेखकाला कथानक आयते मिळाले असते: उजाड माळ, परदेशी तंत्रज्ञ, पहिली धार, शेवटी विजय. त्या आखणीत दल्ली-राजहऱ्याच्या कंत्राटी खाणकामगारांना जागा नव्हती, जून 1977 मधील गोळीबाराला नव्हती, आणि याच कारखान्यात कधीकाळी काम केलेले शंकर गुहा नियोगी 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईतील घरात झोपेत मारले जातील, या घटनेला तर नव्हतीच. कोणत्याही लेखकाला हे आधी कळणे शक्य नव्हते. पण ज्याने कारखान्याच्या माहितीपत्रकाऐवजी खाणीतील जोडीने काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांची बोली, त्यांच्या मजुरीचा हिशेब आणि मूळ गावांशी टिकलेले त्यांचे संबंध यांचा अभ्यास केला असता, त्याच्या कादंबरीतील एखादे पात्र तिसऱ्या क्षणी आराखडा सोडून राजहऱ्याच्या वाटेला लागले असते. लेखकाने त्याला परत बोलावले असते की त्याच्यामागून गेला असता, यावर त्या कादंबरीचे भवितव्य ठरले असते.