‘माय ब्रदर... निखिल’ : पश्चात्ताप आणि न्याय

ओनिर यांचा ‘माय ब्रदर... निखिल’ (२००५) हा हिंदी चित्रपट धर्मशिक्षणाच्या वर्गात दाखविण्यास योग्य आहे, असे आम्हांस वाटते. मात्र त्यामागील गोव्याचा इतिहास सांगितल्याविना तो दाखवू नये.

पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा यांच्या जीवनावरून ही कथा सुचली. रक्तदानानंतर एचआयव्हीची बाधा आढळली, म्हणून १९८९ मध्ये आरोग्य कायद्याखाली त्यांना म्हापसा येथील जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबण्यात आले.

चित्रपटात आईवडील निखिलला दूर लोटतात; बहीण अनामिका व सहचर नायजेल त्याच्यासाठी झगडतात; अखेरीस आईवडिलांना पश्चात्ताप होतो. हा पश्चात्ताप हृदयस्पर्शी आहे. जुही चावला यांचा अभिनयही संयत आहे. परंतु प्रत्यक्षात उच्च न्यायालयापुढे अर्ज घेऊन गेली ती आईच, लूसी डिसोझा. न्यायालयाने त्याच वर्षी कायदा वैध ठरविला. तरी डॉमिनिक थांबले नाहीत. १९९२ मध्ये, मृत्यूच्याच वर्षी, त्यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली. अशा रुग्णांच्या विलगीकरणास मनाई करणारा केंद्रीय कायदा अमलात यावयास २०१८ साल उजाडले.

आईला पाठ फिरविणारी दाखविल्याने दोषाचा भार घरावर पडतो आणि कायदा गौण ठरतो. लूककृत शुभवर्तमानातील विधवा न्यायाधीशाकडे दया मागत नाही, न्याय मागते. नेमकी तीच या कथेतून गळाली आहे. धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी चित्रपटानंतर तिची ओळख करून द्यावी. रुग्णाविषयी कळवळा शिकविणे पुरेसे नाही. त्याच्यासाठी कोणाचे दार ठोठवावयाचे, हेही शिकविले पाहिजे.