उमराव जान खरे सांगते काय? निवेदकाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न

पदवीच्या वर्गात प्रथमपुरुषी निवेदनाची कादंबरी शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : ‘‘सर, ही बाई खरे बोलते हे कशावरून?’’ मिर्झा मुहम्मद हादी ‘रुसवा’ यांच्या ‘उमराव जान अदा’ (१८९९) या उर्दू कादंबरीबाबत तो मी अनेकदा ऐकला आहे. पहिली काही वर्षे ‘‘कादंबरी आहे, सगळे काल्पनिकच’’ असे उत्तर देऊन मी पुढे जात असे. ते उत्तर चुकीचे होते. उमराव नावाची बाई होऊन गेली की नाही, हे विद्यार्थी विचारत नव्हते. तिच्या शब्दावर कितपत विसंबावे, एवढेच त्यांना हवे होते. विशेष म्हणजे हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील यमूबद्दल हा प्रश्न कोणी विचारत नाही. दोन्ही कृती एकाच दशकातल्या आहेत आणि दोन्हींत पुरुष लेखकाने स्त्रीच्या तोंडून तिची हकिकत वदवली आहे. मग एकीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा आणि दुसरीची उलटतपासणी घ्यायची, हे कोणत्या न्यायाने?

‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ मध्ये ‘द रेटरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात रूढ केली. त्याच्या मते अविश्वसनीय निवेदक म्हणजे खोटारडा निवेदक नव्हे. संपूर्ण कृतीतून जी मूल्यदृष्टी जाणवते, तिच्याशी निवेदकाचे बोलणे-वागणे जुळत नसेल तर तो अविश्वसनीय. ही व्याख्या उपयोगी आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. कृतीची मूल्यदृष्टी ठरवतो कोण? वाचकच. आणि वाचक कोऱ्या मनाने येत नाही. रहस्यकथेत ही अडचण भासत नाही, कारण शेवटच्या प्रकरणात लेखक स्वतःच उत्तरपत्रिका हाती देतो. उमरावच्या बाबतीत तशी उत्तरपत्रिका नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. निवेदकासाठी उर्दूत ‘रावी’ हा शब्द आहे आणि रावीची पारख हा आपल्या परंपरेत एका स्वतंत्र शास्त्राचा विषय आहे. हदीसच्या अभ्यासात रावीचे चारित्र्य कसे आणि त्याची स्मरणशक्ती किती पक्की, या दोन कसोट्या प्रामुख्याने लावतात. आमचे विद्यार्थी नकळत याच कसोट्या कादंबरीला लावतात. तवायफ पहिल्या कसोटीतच नापास होते, यमू उत्तीर्ण होते. वस्तुस्थितीच्या वृत्तान्ताला ही कसोटी योग्यच आहे. कादंबरीत मात्र दुर्बल रावी बाद होत नाही. तो कोठे आणि का दुर्बल होतो, हाच तेथे वाचण्याचा मजकूर असतो.

आता प्रत्यक्ष कादंबरीकडे वळू. लखनौमध्ये मुन्शी अहमद हुसैन यांच्या घरी काव्याची बैठक चालू आहे. शेजारच्या घराच्या खिडकीतून एका शेराला दाद येते. आवाज उमरावचा निघतो. ‘रुसवा’ तिला पूर्वीपासून ओळखत असतो. पुढे त्याच्या आग्रहावरून ती आपली कहाणी सांगू लागते. म्हणजे ही कहाणी डायरीत लिहिलेली नाही, अल्लाहसमोर केलेली कबुलीही नाही. एका सुशिक्षित, रसिक, काहीशा खोडकर पुरुषासमोर, त्याच्या टोमण्यांना आणि प्रश्नांना उत्तरे देत ती सांगितली गेली आहे. तिचे खरेखोटे ठरवण्याआधी ती कोणासमोर बसली आहे, हे पाहायला हवे.

आरंभच पाहा. बापजाद्यांची नावे सांगून मोठेपणा मिरवण्यात काय हशील, असे म्हणून उमराव वडिलांचे नाव टाळते आणि खरे तर ते आपल्याला आठवतही नाही, अशी पुस्ती जोडते. लगेच पुढच्या काही परिच्छेदांत फैजाबादचे घर, शेजारची घरे, आईवडील, धाकटा भाऊ, अंगावरचे कपडे यांचे इतके बारीक वर्णन येते की वाचक चकित होतो. कपड्यांचा रंग आठवतो आणि वडिलांचे नाव आठवत नाही? येथेच पहिला हात वर होतो : ‘‘सर, ही खोटे बोलते.’’ बरोबर आहे, ती बहुधा खोटेच बोलते. पण हे खोटे कोणाला वाचवते? तिला स्वतःला नाही. कोठ्यावर आयुष्य गेलेल्या मुलीने वडिलांचे नाव छापील कागदावर जाऊ दिले, तर फैजाबादेत मागे राहिलेल्यांचे काय होईल, हे तिला ठाऊक आहे. पुढे ती फैजाबादला जाते, आई भेटते आणि भावाचा संताप तिच्या वाट्याला येतो. तो प्रसंग वाचून पुन्हा पहिल्या पानावर आल्यावर हे ‘विसरणे’ वेगळेच दिसते. पहिल्या वाचनात जी लबाडी वाटते, ती दुसऱ्या वाचनात निष्ठा ठरते. कथेत घडलेले काही खोटे ठरले असे येथे होत नाही. आपण निवेदकाला ओळखू लागतो, एवढेच.

याहून महत्त्वाची एक गोष्ट माझ्या वाचनात फार उशिरा लक्षात आली. उमरावचे अपहरण करणारा दिलावर खान हा त्यांचा शेजारी. त्याचा राग कशाचा? त्याच्या चालचलणुकीबद्दल विचारणा झाली तेव्हा उमरावच्या वडिलांनी खरे ते सांगितले आणि त्याला कैद झाली. सुटून आल्यावर त्याने सूड घेतला तो मुलीवर. म्हणजे या कादंबरीतील सगळ्या अनर्थाच्या मुळाशी एक खरी साक्ष आहे. बापाच्या सत्यवचनाची किंमत मुलीने मोजली. अमीरनची उमराव झाली, खानमच्या कोठ्यावर सव्वाशे रुपयांना विकली गेली. सत्य बोलण्याचा परिणाम ज्या मुलीने असा भोगला, ती प्रौढपणी किती सत्य, कोणाला, कोणत्या वेळी सांगावे याचा हिशेब करणारच. रुसवा यांनी हे कोठेही अधोरेखित केलेले नाही. तेही बरेच झाले.

घटनांच्या पातळीवर उमरावला खोटी ठरवणे कठीण आहे, कारण कथेतच तिला दुजोरा मिळतो. तिच्याबरोबर विकायला आणलेली रामदेई पुढे नवाब सुलतानची पत्नी म्हणून भेटते, आई भेटते, दिलावर खान पकडला जाऊन शिक्षा भोगतो. भावनेच्या पातळीवर मात्र तिचा शब्द डळमळतो. आपल्यावर कोणी खरे प्रेम केले नाही आणि आपणही कोणावर केले नाही, प्रेमाचे सोंग हाच आमचा व्यवसाय, अशा अर्थाचे ती बोलते. गौहर मिर्झा, नवाब सुलतान, फैज अली यांच्याविषयीची तिचीच पाने या विधानाला उलट साक्ष देतात. नवाब सुलतानविषयी बोलताना तिची भाषा बदलते, हे विद्यार्थ्यांनाही जाणवते. येथे ती ‘रुसवा’ची फसवणूक करते आहे की स्वतःची? माझे मत असे की दोन्ही नाही. श्रोत्याला तिच्याकडून प्रेमकहाणी हवी आहे, आणि ती देण्यास ती नकार देते आहे. आयुष्यभर जे विकले, ते या वेळी विकायचे नाही, एवढाच तिचा हट्ट. या मताशी सहमत नसणारे वाचक असतील, आणि त्यांनाही कादंबरीत आधार सापडेल.

अपहरणाचा प्रश्न मात्र वेगळ्या बाजूने विचारावा लागतो. इतिहासकार वीणा तलवार ओल्डनबर्ग यांनी लखनौच्या तवायफांवर केलेले संशोधन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या तवायफांशी त्या बोलल्या, त्यांतील बहुतेक जणी पळवून आणलेल्या नव्हत्या. माहेरच्या किंवा सासरच्या छळाला कंटाळून त्या कोठ्यावर आल्या होत्या. पळवून आणलेल्या निष्पाप मुलीची कथा ही सभ्य समाजाला ऐकवत असलेली कथा होती, असा त्याचा अर्थ निघतो. याचा ठपका उमरावच्या निवेदनावर ठेवता येत नाही, कारण तिच्या जगात अपहरण घडलेच आहे. ठपका ठेवायचाच तर तो अशी निवेदक निवडणाऱ्या लेखकावर आणि तिची निवड पसंत करणाऱ्या आपल्यावर ठेवावा लागेल. छळाला कंटाळून स्वतःच्या पायांनी कोठ्यावर गेलेल्या बाईची कहाणी आपण एवढ्या सहानुभूतीने ऐकली असती काय? यमूवरचा आपला विश्वास आणि उमरावविषयीचा संशय, दोन्हींची मुळे येथे एकत्र येतात. यमू विधवा आहे, सोसणारी आहे, घरात आहे. तिचे निवेदन तपासावे असे आपल्याला वाटतच नाही, आणि त्यामुळे हरिभाऊंच्या कादंबरीतील कलेचेही थोडे नुकसानच होते.

आता ज्या माणसाला सगळे निमूटपणे विश्वासू मानतात, त्या ‘रुसवा’कडे पाहू. ‘रुसवा’ म्हणजे बदनाम. लेखकाचे खरे नाव मिर्झा मुहम्मद हादी; लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात ते अध्यापक होते, नंतर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतर विभागात आले आणि १९३१ मध्ये हैदराबादेतच वारले. कादंबरीतला ‘रुसवा’ उमराव बोलत असताना तिच्या नकळत तिची कहाणी लिहून काढतो आणि मग हस्तलिखित तिच्यापुढे ठेवतो. ते पाहून आपल्याला संताप आला, ते फाडून टाकावेसे वाटले, असे उमराव शेवटच्या भागात सांगते. म्हणजे आपण वाचतो तो मजकूर विश्वासभंगातून तयार झालेला आहे! तरी वर्गात संशयित ठरते ती सांगणारी, चोरून लिहिणारा नव्हे. श्रोता सुशिक्षित पुरुष असला की त्याची लेखणी आपोआप प्रामाणिक ठरते काय?

रुसवा यांना हा प्रश्न सुचला असावा. त्याच सुमारास त्यांनी ‘जुनून-ए-इन्तजार’ नावाची छोटी कृती प्रसिद्ध केली. तिची लेखिका म्हणून उमराव उभी राहते आणि आपली कहाणी जगापुढे मांडल्याबद्दल रुसवाच्याच प्रेमाची हकिकत उघड करून परतफेड करते. ही कृती बराच काळ दुर्लक्षित होती. कृपा शांडिल्य आणि तैमूर शाहिद यांच्या इंग्रजी अनुवादामुळे २०१३ मध्ये ती पुन्हा अभ्यासकांपुढे आली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की निवेदक आणि श्रोता यांच्या जागा बदलतात. लिहिणारा हात अर्थात एकच आहे, हे विसरून चालणार नाही. स्त्रीला सूड घेऊ देणाराही पुरुष लेखकच आहे.

बहुतेक विद्यार्थी कादंबरीकडे येतात ते मुझफ्फर अली यांचा १९८१ चा चित्रपट पाहून किंवा आशा भोसले यांच्या आवाजातील गझला ऐकून. चित्रपट देखणा आहे, पण त्यातून श्रोता ‘रुसवा’ काढून टाकलेला आहे. त्याच्या टोमण्यांना दिलेली तिरकस उत्तरे गेली, हस्तलिखित गेले, संतापही गेला. उरले ते दुःख. पडद्यावरच्या उमरावचे सगळे खरे वाटते, कारण तिला कोणी काही विचारतच नाही. उमराव खरोखर होऊन गेली असे मानणारे अनेक जण आहेत, वाराणसीत तिची कबर दाखवली जाते आणि हा वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला त्या वादात फारसा रस नाही.

वर्गात अलीकडे मी एक साधा प्रयोग करतो. कादंबरीतील एखादे प्रकरण घेऊन ‘रुसवा’चे सगळे प्रश्न आणि शेरे वेगळ्या कागदावर उतरवायला सांगतो आणि प्रत्येकापुढे एकच नोंद करायला लावतो : या प्रश्नाला उमरावने उत्तर दिले, विनोद केला की विषय बदलला? तास संपेपर्यंत उमराव खोटी की खरी ही चर्चा मागे पडलेली असते. मुले विचारू लागतात की याला एवढे सगळे जाणून कशाला घ्यायचे आहे. एकदा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, हस्तलिखित फाडावेसे वाटले म्हणते, मग फाडले का नाही? कादंबरीत याचे उत्तर असे आहे की तिने ते बाजूला ठेवले, पुन्हा उचलले आणि वाचत गेली.