उकल आणि गूढ : ‘सीरियल एक्स्पेरिमेंट्स लेन’चा विचार

रहस्यकथा सांगणारा श्रोत्याशी एक करार करीत असतो. प्रारंभी जे दडविले ते अखेरीस उघड होईल, आणि ते उघड झाल्यावर मागचा प्रत्येक तपशील आपापल्या जागी बसलेला दिसेल, असे त्या कराराचे स्वरूप असते. विज्ञानकथेचा करार निराळा. एखादी कल्पना गृहीत धरून तिचे परिणाम तिला तर्काने शेवटास न्यावयाचे असतात. हे दोन्ही करार एकाच कृतीने पत्करले म्हणजे तिच्या घाटावर कोणता ताण पडतो, हे पाहावयाचे तर ‘सीरियल एक्स्पेरिमेंट्स लेन’ या जपानी चित्रमालिकेइतके बोलके उदाहरण सहसा सापडणार नाही. रेखाचित्रांचा चलत्पट म्हणजे बालरंजन, ही भारतीय रसिकांत अद्यापि आढळणारी समजूत तिच्या पहिल्या काही क्षणांतच गळून पडते.

१९९८ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात ही तेरा भागांची मालिका जपानी दूरचित्रवाणीवरून दाखविली गेली. दिग्दर्शन र्‍यूतारो नाकामुरा यांचे, लेखन चिआकी कोनाका यांचे आणि पात्रांची रेखाकृती योशितोशी आबे यांची. चिसा नावाची एक शाळकरी मुलगी इमारतीवरून उडी घेऊन जीव देते. काही दिवसांनी तिच्या वर्गातील मुलींना संगणकावर तिचेच संदेश येऊ लागतात : आपण मेलो नाही, केवळ शरीर टाकून दिले. लेन इवाकुरा ही अबोल, एकाकी मुलगी त्या संदेशाच्या मागाने ‘वायर्ड’ नावाच्या तारांच्या जगात उतरते. तेथे आपल्याच नावारूपाची, परंतु धीट आणि क्रूर अशी दुसरी लेन वावरत असल्याचे तिला कळते. मेलेली मुलगी कोठून बोलते, या प्रश्नापासून निघालेली कथा ‘लेन म्हणजे कोण’ या प्रश्नाशी येऊन ठेपते.

मालिकेचे खरे सामर्थ्य तिच्या वातावरणनिर्मितीत आहे. ‘वातावरण’ हा शब्द समीक्षेत फार सैलपणे वापरला जातो. येथे त्याला नेमका आशय आहे. शाळेला जाणारा रस्ता उन्हाने इतका पांढरा पडलेला असतो की घरांच्या कडा पुसट होतात, आणि त्या पांढर्‍यावर पडलेल्या काळ्या सावल्यांत रंगीत डाग हलताना दिसतात. वर विजेच्या तारा. त्यांची गुणगुण जवळजवळ प्रत्येक भागात ऐकू येते. संवाद कमी, पार्श्वसंगीत त्याहूनही कमी. या नीरवतेत त्या गुणगुणीला हळूहळू पात्राची योग्यता येते. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे रंग आणि ध्वनी यांची संवादलय व विरोधलय आशयाचे काम करतात. तारांचे जग माणसांच्या जगात झिरपत आहे, हे कोणी उच्चारण्यापूर्वीच प्रेक्षकाच्या इंद्रियांना पटलेले असते. पुढे कोणत्याही पात्राने सांगितलेली कोणतीही उपपत्ती या प्रत्ययाची बरोबरी करीत नाही.

आणि उपपत्ती तर पुष्कळ सांगितल्या जातात. नवव्या भागात कथा थांबून माहितीपट सुरू होतो. १९४७ चे रॉझवेल प्रकरण, व्हॅनेव्हर बुश यांची मेमेक्सची कल्पना, जॉन लिली, टेड नेल्सन यांचा झॅनाडू आणि शुमान अनुनाद ही सर्व एका माळेत ओवली जातात. बुश आणि नेल्सन यांचा विचार जालाच्या इतिहासाचाच भाग आहे. रॉझवेल ही वदंता. दोघांना एकाच स्वरात मांडल्याने इतिहासाचे वजन वदंतेला मिळत नाही. उलट इतिहासच वदंतेसारखा वाटू लागतो. शुमान अनुनादाचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. भूपृष्ठ आणि आयनांबर यांमधील पोकळीत सुमारे आठ हर्ट्झ वारंवारतेने होणारे हे विद्युच्चुंबकीय स्पंदन वास्तवातील आहे, आणि ते अत्यंत क्षीणही आहे. त्याच्या साहाय्याने सार्‍या मानवी मनांना उपकरणावाचून जोडता येईल, हे मालिकेतील मसामी एइरी या शास्त्रज्ञाचे स्वप्न. विज्ञानकथेत असे गृहीत घेण्यास हरकत नसते. हरकत आहे ती ते गृहीत केवळ उच्चारून सोडून देण्याला. त्याचे कार्यकारण पुढे नेले जात नाही, त्याला कोठे अडथळा होत नाही. एइरीला ईश्वरपद बहाल करण्यापुरताच त्याचा उपयोग होतो. विज्ञान येथे मंत्रासारखे वापरले आहे.

याच कारणाने उत्तरार्धात एइरीची भाषणे लांबत जातात आणि मालिका क्षीण होते. लेनची बहीण मिका दोन जगांच्या फटीत सापडून रिकाम्या कवचासारखी उरते. मालिकेतील हा सर्वांत भयानक प्रसंग; परंतु त्या घरावर त्याचा काय परिणाम झाला हे पाहण्याची सवड कथेला नाही. ‘नाइट्स’ हे गूढ मंडळ ज्या गाजावाजाने आले त्या मानाने फारच घाईने निकालात निघते. अकराव्या भागाचा बराच अंश तर मागील दृश्यांच्या पुनरावृत्तीत खर्ची पडला आहे.

तरीही ही कृती फसली असे म्हणवत नाही, आणि याचे श्रेय अ‍ॅलिस या मैत्रिणीकडे जाते. आपल्या शिक्षकाविषयी तिच्या मनात असलेले गुपित वायर्डमधील लेनने जगजाहीर केलेले असते. तरीही बाराव्या भागात ती यंत्रांनी आणि तारांनी भरून गेलेल्या लेनच्या घरी येते. शरीराची आता गरज नाही, असे लेन तिला सांगते. अ‍ॅलिस युक्तिवाद करीत नाही. ती लेनचा हात घेऊन आपल्या छातीवर ठेवते. भीतीने तिचे हृदय जोराने धडधडत असते. एवढ्या एका स्पर्शाने एइरीची सारी उपपत्ती पराभूत होते. त्यानंतर त्याचे मांसाचा विक्राळ गोळा होऊन चिरडले जाणे हे केवळ उपचारापुरते उरते. जेथे कोडे सोडविण्याचा आग्रह सुटला तेथेच प्रत्यय पुन्हा हाती आला, हे या मालिकेच्या अंतर्विरोधाचे मर्म होय.

अखेरीस लेन सर्वांच्या स्मृतीतून स्वतःला पुसून टाकते. चिसा जिवंत आहे, मिका पूर्ववत् आहे, जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी आहे. वर्षे लोटतात. एका पादचारी पुलावर प्रौढ अ‍ॅलिसला एक मुलगी दिसते. हिला कोठे तरी पाहिले असावे असे तिला वाटते, चार शब्द होतात, आणि ती आपल्या सोबत्याबरोबर निघून जाते. तिला काय आठवले याचा खुलासा लेखकाने केलेला नाही.