वकील नको, पण पिशवी हवी

‘सामान्य माणसाला न्याय मिळतो का’ या विषयावर आराखडा लिहायला बसलात की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मार्क गॅलंटर येणारच. ‘आहे रे’वालेच का जिंकतात, हे सांगणारा त्यांचा निबंध १९७४ चा. मांडणी सोपी आहे. काही पक्षकार आयुष्यात एखाद्या वेळीच कोर्टाची पायरी चढतात, काहींचा तो रोजचा धंदा असतो. कायदा दोघांना सारखाच असला तरी लांब पल्ल्यात नेहमीचा गडी वरचढ ठरतो. निबंध उत्तमच आहे. माझी तक्रार त्याच्याबद्दल थोडी आणि आपण तो वापरतो त्या पद्धतीबद्दल जास्त आहे.

आपण काय करतो? ‘नेहमीच्या गड्याकडे चांगला वकील असतो’ एवढंच उचलतो. मग प्रश्न ठरतो: वकील नसेल तर माणूस हरतो का? हा प्रश्न घेऊन पालमला जाऊन बघा.

मुंबई, पुणे, नागपूरला लघुवाद न्यायालयं आहेत. पालमच्या माणसाची छोटी फिर्याद बहुधा परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते. मुदत दोन वर्षं. वकील देण्याची सक्ती नाहीच. मुंबईत सहल कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींत, वकील नसलेला प्रतिनिधी बाजू मांडू शकतो का, असा वाद निघाला होता. उच्च न्यायालय ‘हो’ म्हणालं आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. म्हणजे दार उघडंच आहे.

आता समजा, सोयाबीनचं बी उगवलंच नाही. आयोगासमोर काय लागेल? लॉट नंबर टाकलेली पक्की पावती, बियाण्याची रिकामी पिशवी, तिच्यावरचा टॅग, वेळेत कृषी कार्यालयात दिलेला अर्ज, शेतात येऊन केलेला पंचनामा. यातलं एकही काम कोर्टात होत नाही. पावती कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मिळते किंवा मिळत नाही. उधारीवर बी उचलताना पक्कं बिल मागायला जीभ रेटत नाही, हे गावाकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. पंचनाम्याचंही तसंच. दुबार पेरणी करायची तर शेत मोडावं लागतं, आणि शेत मोडलं की पुरावाही मोडला. पाऊस काही पंचनाम्यासाठी थांबत नाही.

या कागदांत किती जोर असतो, ते दोन निकालांत दिसतं. हरियाणा सीड्स विरुद्ध साधू या २००५ च्या प्रकरणात कृषी अधिकाऱ्यांच्या अहवालात बी निकृष्ट होतं असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. पीक बिघडायला पाणी, जमीन, पेरणीची पद्धत अशी इतरही कारणं असू शकतात, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याच्या विरोधात निकाल दिला. पुढे २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात त्याच न्यायालयाने वेगळा सूर लावला. शेतकरी आणलेलं सगळं बी पेरतो, तपासणीसाठी मूठभर बाजूला ठेवत नाही, म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल नसल्याचं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. हा निकाल मला पटतो. पण तो नमुन्याच्या अडचणीपुरताच आहे. पावती नसेल, कुणी शेत बघितलंच नसेल, तर मधुसूदन रेड्डीचं नाव कितीदाही घ्या, उपयोग कमीच.

गॅलंटरना हे माहीत नव्हतं असं समजू नका. नेहमीचा पक्षकार व्यवहार करतानाच पुढच्या वादासाठी कागद तयार ठेवतो, हे त्यांनी म्हटलंय. गप्प बसून नुकसान सोसणाऱ्यांचीही त्यांनी दखल घेतली आहे. पण हा मुद्दा बऱ्याच फायद्यांच्या यादीत एक म्हणून येतो आणि पुढे सरकतो. पालमपुरतं बोलायचं तर सगळी यादी त्या एका ओळीत मावेल. त्यांचा उपाय ‘नाही रे’वाल्यांनी संघटित होऊन स्वतःच नेहमीचे गडी व्हावं, असा आहे. ग्राहक संघटनेचा कार्यकर्ता प्रतिनिधी म्हणून उभा राहतो तेव्हा थोडंफार तसंच घडतं. मात्र हा कार्यकर्ता पीक गेल्यावर येतो. जूनमध्ये चुलीत गेलेली पिशवी त्याला परत आणता येत नाही.

म्हणून आयोगाचे निकाल गोळा करून जिंकले-हरले एवढीच बेरीज करू नका. त्या बेरजेत फक्त तक्रार दाखल केलेले लोक येतात. प्रत्येक निकाल कोणत्या कागदावर फिरला, तो कागद कुणी केला, कोणत्या तारखेला, हे टिपा. मग तालुका कृषी कार्यालयातल्या तक्रारी माहिती अधिकारात मागवा आणि त्यातल्या किती परभणीपर्यंत पोहोचल्या ते ताडून बघा. वर्ष निवडायचं तर २०२० घ्या. त्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती.

आणि प्रत्यक्ष जायचं असेल तर सुनावणीच्या तारखेला परभणीत जाण्याआधी पेरणीच्या आठवड्यात पालमच्या एखाद्या बियाण्याच्या दुकानासमोर उभे राहा. तेव्हा तुमच्याशी बोलायला कुणालाच वेळ नसेल, ते धरून चाला.