आजीची हकिगत आणि आपले वाङ्मय

आपल्या कथा-कवितांमधली आजी बहुधा म्हातारीच जन्माला येते. हातात तसबीह, ओठांवर दुआ, पदराच्या गाठीला नातवासाठी बांधलेला खाऊ, आणि शेवटच्या ओळीत तिचा इंतकाल. तिला बालपण नसते. तारुण्य तर नसतेच नसते. मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन सोलापुरात १९९० साली भरले. त्याला आता तीन तपे होत आली. एवढ्या काळात आपण तलाकवर लिहिले, दंगलींवर लिहिले, संशयाच्या नजरांवर लिहिले. ते लिहिणे भागच होते. परंतु घरातली ही सर्वांत जुनी कथेकरीण आपल्या लेखनात केवळ एक हळवे चित्र होऊन राहिली, ही उणीव मान्य केली पाहिजे.

डोळखांब, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात कुणाची दादी, कुणाची नानी जे सांगते ते ऐकले म्हणजे या चित्राचा फोलपणा ध्यानात येतो. तिच्या बोलण्यात निकाह, मेहर, रुखसत या शब्दांशेजारीच राब, आवणी, इरले आणि गवताचे भारे येतात. ती सन सांगत नाही. रेशनचे धान्य मिळू लागले तेव्हा, धाकटा दीर पाळण्यात होता तेव्हा, असा तिचा काळ चालतो. या खुणा जोडत गेले की त्यातून एक पोरसवदा मुलगी उभी राहते: झाडावर चढणारी, करवंदांसाठी मार खाणारी, सासरच्या वाटेवर बैलगाडीत मुसमुसणारी. नातवंडांना ही मुलगी नवीन असते. आजीला मात्र ती कालची वाटते.

आमच्या मते या हकिगतींचे खरे वाङ्मयीन वैशिष्ट्य म्हणजे त्या ऐकणाऱ्यागणिक बदलतात. नातवाला ती वाघ सांगते, आणि तो वाघ दरसाल हातभर वाढतो. नातीला ती पाण्याच्या हंड्यांची गोष्ट सांगते. नातसुनेला सासूची. एकच तारुण्य, तीन कथा. यातली खरी कोणती, असे विचारणारा समीक्षक चुकीच्या दारात उभा आहे. विचारायचे ते हे, की ही कथा तिने याच माणसासाठी का निवडली?

पाण्याचेच पाहा. तानसा धरण १८९२ चे. भातसा त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी झाले. मुंबईच्या पाण्याचा निम्म्याच्या आसपास वाटा एकटे भातसा उचलते, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरणांचे आकडे सरकारी कागदात सापडतील. डोक्यावर दोन आणि कमरेवर एक हंडा घेऊन चढण चढणाऱ्या नव्या नवरीचे वय त्यांत सापडणार नाही. ते आजीकडेच आहे. म्हणून तिची हकिगत म्हणजे करमणूक नव्हे. जिल्ह्याच्या इतिहासाचे ते गाळलेले पान आहे.

मराठीत हे पान काहींनी जपले. बहिणाबाई चौधरींची गाणी मुलाने व आप्ताने वेळीच उतरून घेतली, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती ग्रंथरूपाने वाचकांपुढे आली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची चिकित्सक आवृत्ती त्यांचे नातू अशोक टिळक यांनी सिद्ध केली; नातवाने आजीचे वाक्य आजीचेच राहू द्यावे, याचा तो वस्तुपाठ होय. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्याही गाणारीच्या नावागावासह. आपल्याकडे मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ आहे. पुण्यातल्या उर्दू वळणाच्या घरात वाढलेली ही स्त्री मराठीत स्वतःचे आयुष्य सांगते. परंतु आपण ते पुस्तक हमीद दलवाईंना शोधण्यासाठी उघडतो आणि त्यातल्या मुलीवरून भराभर पाने उलटतो. हा दोष पुस्तकाचा नव्हे, आपल्या वाचनाचा आहे.

दुसरा दोष भाषेचा. आजीची बोली कागदावर येताना आपण दोनदा धुतो. एकदा प्रमाण मराठीच्या पाण्यात, एकदा शुद्ध उर्दूच्या. एका पाण्याने तिचा मुसलमानी सूर जातो, दुसऱ्याने तिची माती जाते. उरते ते गुळगुळीत निवेदन, जे कुणाच्याही आजीचे असू शकते. बोली राखली तर वाचक अडखळेल, अशी भीती घातली जाते. अडखळू द्यावे. माणूस ओळखायला तेवढा वेळ लागतोच.

आणखी एक पथ्य तिच्या गप्प बसण्याचे. सांगता सांगता ती थांबते, विषय बदलते, चुलीकडे पाहते. दगावलेले मूल असेल, आलेली सवत असेल, अर्धी सुटलेली शाळा असेल. नवखा लेखक ती जागा आपल्या कल्पनेने आणि आपल्या विचारसरणीने भरून टाकतो. असे करू नये. ती रिकामी जागा तिने राखलेली आहे. तिच्यावर लेखकाचा हक्क नाही.

डोळखांबजवळच्या डोंगराला आजोबाचे नाव आहे. लव-कुश वाल्मीकींना आजोबा म्हणत, म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. त्याच डोंगरावर सीतेचा पाळणाही दाखवतात. नाव आजोबाला मिळाले; पोरे वाढवणारीच्या वाट्याला कड्यातली एक कपार आली. आपल्या वाङ्मयातही वाटणी याहून वेगळी झालेली नाही. ती बदलायची तर परिसंवाद नकोत. स्वातंत्र्यापूर्वी जन्मलेल्या स्त्रिया आता थोड्याच उरल्या आहेत. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. तो तिच्यासमोर ठेवावा, तिची परवानगी घ्यावी, आणि मधे बोलू नये.