साडेचार वर्षे आणि लाल शाई

दोन भाषा बोलणाऱ्याचा मेंदू साडेचार वर्षे उशिरा म्हातारा होतो, हे वाक्य गेल्या काही वर्षांत आपल्या चर्चासत्रांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याचा मूळ आधार कोणी विचारत नाही. मीही ते टाळ्या मिळवण्यासाठी वापरले आहे. पुढे मूळ शोधनिबंध वाचला, तेव्हा त्यातील दोन गोष्टी आपण सोयीस्करपणे गाळतो, असे ध्यानात आले. गाळलेल्या याच गोष्टी आपल्या वर्गाशी अधिक संबंधित आहेत.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध २०१३ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात आला. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांपैकी ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी ६१.१ व्या वर्षी, तर इतरांत ६५.६ व्या वर्षी झाल्याचे आढळले. म्हणजे साडेचार वर्षांचा हिशेब आजाराच्या सुरुवातीचा आहे. 'म्हातारा होणे' हे शब्द आपण व्यासपीठावर जोडले. टोरांटो येथे एलेन बायलस्टॉक यांनी २००७ मध्ये असाच निष्कर्ष मांडला होता. पण तेथील द्विभाषिकांत स्थलांतरितांचा भरणा होता, त्यामुळे फरक भाषेचा की स्थलांतराचा, ही शंका राहिली होती. हैदराबादेत तेलुगू, उर्दू, हिंदी बोलणारे लोक एकाच शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. या अभ्यासाचे खरे मोल येथे आहे.

आता गाळलेल्या गोष्टींकडे वळू. पहिली अशी की दोनपेक्षा अधिक भाषा येणाऱ्यांना जादा लाभ दिसला नाही. तरीही आपल्या संस्थांत हा निबंध 'आणखी एक भाषा लवकर सुरू करा' यासाठी पुढे केला जातो, आणि ती आणखी एक भाषा म्हणजे कोणती, हे सांगायला नको. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अक्षरओळख नसलेल्या रुग्णांतही हा फरक दिसला. जो माणूस कधी शाळेत गेला नाही, त्याची दुसरी भाषा अर्थातच शाळेने दिलेली नव्हती. ती बाजाराने, शेजाऱ्याने, कामाच्या जागेने दिली होती.

निबंधाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दवाखान्यात आलेल्या रुग्णांच्या मागील नोंदींवरून काढलेला निष्कर्ष आणि निरोगी माणसांना वर्षानुवर्षे पाहून काढलेला निष्कर्ष यांत अंतर असते. उत्तर मॅनहॅटनमधील स्पॅनिशभाषक वृद्धांचा दुसऱ्या पद्धतीने झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात द्विभाषिकतेमुळे स्मृतिभ्रंश लांबल्याचे दिसले नाही. उलट हैदराबादच्याच गटाने २०१६ मध्ये पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांवर निबंध लिहिला. त्यात पक्षाघातानंतर बुद्धिव्यापार शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत ४०.५ टक्के आणि एकभाषिकांत १९.६ टक्के होते. वाद अजून मिटलेला नाही. द्विभाषिकता म्हणजे मेंदूचा विमा, असे पालकसभेत सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र आकड्यांवर नाही, मोजणीच्या एककावर आहे. एक भाषा, दोन भाषा असे मोजताना भाषांना कुंपण आहे, हे आपण गृहीत धरतो. लाभाचे जे कारण सांगितले जाते तेही याच गृहीतावर उभे आहे: एक भाषा बोलताना दुसरी आवरून धरावी लागते, आणि या सततच्या आवरण्याने लक्ष व निवड यांचा व्यायाम होतो. पण कुंपणच नसेल तर?

या प्रश्नासाठी सीमाभागाबाहेर जाण्याची गरज नाही. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातील एका गावाविषयी लिहिले. निबंधात त्याचे नाव 'कुपवार' आहे. तेथे जैन व लिंगायत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, तर दलित शेतमजूर मराठी. अभ्यासकांच्या मते या भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्याखाली दुसऱ्या भाषेतील वाक्य शब्दाखाली शब्द ठेवून लिहिता यावे. घरची भाषा कोणी सोडली नाही, कारण आपण कोण हे तिच्यावरून ठरे. सोनल कुलकर्णी-जोशी यांची चिकित्सक फेरतपासणी २०१६ मध्ये आली. भाषावार राज्यरचनेनंतर गावातील भाषांचे बलाबल बदलले, याकडे तिने लक्ष वेधले. हा मुद्दा रास्त आहे. भाषांचे एकरूप होणे हे नेहमीच बरोबरीचे नसते.

अशा गावातला माणूस मेंदूत काय आवरून धरतो? व्याकरण तर नव्हे. समोर कोण आहे हे पाहून तो शब्द निवडतो. कदाचित हीच निवड खरा व्यायाम असेल. हैदराबादच्या निबंधातून याचे उत्तर मिळत नाही, कारण तेथे भाषांची संख्या मोजली आहे, त्यांच्यातील अंतर मोजलेले नाही.

आपल्या वर्गात येणारी दखनी हे या अंतराचेच उदाहरण आहे. 'नको' आणि 'च' तिने मराठीकडून घेतले. 'आतूँ बोलके बोल्या' यातील 'बोलके' मराठीतल्या 'म्हणून'चे आणि कन्नडमधल्या 'अंत'चे काम करते. ग्रांथिक उर्दूला तेथे 'कि' लागतो. आणि 'मैं रोटी खाया' या वाक्यावर तर आपण सर्वांनी किती शाई सांडली आहे! ग्रांथिक उर्दूत 'मैंने रोटी खाई', म्हणजे क्रियापद रोटीप्रमाणे चालते. दखनीत ते कर्त्याप्रमाणे चालते, जसे कन्नडमध्ये 'नानु रोट्टि तिंदे' म्हणताना चालते. ही बेशिस्त नव्हे, शेजाऱ्याच्या नियमाचे पालन आहे.

काही वर्षांपूर्वी एका तोंडी परीक्षेत मी एका मुलाला या 'ने'साठी चार वेळा अडवले. घरी दखनी, बाजारात कन्नड, शाळेत मराठी असा तो मुलगा. पाचव्या प्रश्नापासून तो फक्त 'जी' आणि 'जी नहीं' एवढेच बोलला. मी गुणपत्रकात 'शब्दसंपदा अल्प' असा शेरा लिहिला. तीन भाषांत व्यवहार करणाऱ्या मुलाविषयी असा शेरा लिहिताना मला काही खटकले नाही, याचे आज नवल वाटते.

ग्रांथिक उर्दू शिकवूच नये, असे मी म्हणत नाही. परीक्षा, नोकरी, मीर-गालिब यांचा रस्ता तिच्यातूनच जातो आणि आपल्या मुलांना तो अडवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र आता मी 'मैं रोटी खाया' हे वाक्य खोडत नाही. फळ्यावर त्याच्याखाली कन्नड वाक्य लिहितो, त्याच्याखाली मराठी 'मी भाकरी खाल्ली' आणि मग 'मैंने रोटी खाई'. क्रियापद कोणाकडे पाहते, एवढेच विचारतो. मागच्या वर्षी शेवटच्या बाकावरून एकाने उत्तर दिले, "सर, कन्नडवालं मेरे तरफ देखता, मराठीवालं भाकरी के तरफ." त्या उत्तरातही 'मेरी तरफ' हवे होते. ते मी तास संपेपर्यंत सांगितले नाही.